रस्त्याची लिपी आपणही शिकू या

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या आम्ही तिघी शिक्षिकांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. तिघींनीही चाळिशी ओलांडलेली. आमचे गाव मुंबई-गोवा महामार्गालगत. बाजार, दवाखाना, बँक, सगळे महामार्गापलीकडे. कोणी आजारी पडले की रिक्षा शोधा, नाहीतर घरातल्या पुरुषांची वाट पाहा. घरी विषय काढल्यावर पहिला प्रश्न आला, "आता या वयात?" गंमत अशी की हा प्रश्न विचारला जात असतानाच घरातला नववीतला मुलगा स्कूटीची चावी फिरवत ट्यूशनला निघाला होता. त्याला कोणी काही विचारले नाही.

गाडी शिकण्याआधी लर्निंग लायसन्स म्हणजे शिकाऊ परवाना काढावा लागतो. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, जोडावे लागते. ते आम्ही आणले. मग आली परीक्षा. वाहतुकीची चिन्हे, सिग्नल आणि नियम यांवर प्रश्न असतात. मराठीतून उत्तरे देता येतात आणि किमान ६० टक्के बरोबर यावी लागतात. आधार क्रमांकाच्या आधारे ही परीक्षा आता घरबसल्याही देता येते.

इथेच क्लासचे मालक म्हणाले, "मॅडम, पेपरचे टेन्शन घेऊ नका. मोबाईलवर ओटीपी येईल तेवढा सांगा, पेपर आमचा मुलगा देईल."

आम्ही एकमेकींकडे पाहिले. दर वर्षी दहावीच्या वर्गावर पर्यवेक्षणाला उभ्या राहून कॉपी पकडणाऱ्या आम्ही! नाही म्हणालो. दहावीला कॉपी केली तर फार तर आपले नुकसान होते. या पेपरात कॉपी करणाऱ्यासमोर उद्या कोणाचे तरी लेकरू रस्ता ओलांडत असणार.

आकार पाहा, अर्थ कळेल

मग रोज असरनंतर एकीच्या घरी बसायचे ठरले. जमिनीवर तक्ता पसरला. सुरुवातीला शंभरभर चिन्हे पाहून डोळे फिरले. पण आकार लक्षात आला की निम्मे काम होते. गोल म्हणजे हुकूम, तो पाळलाच पाहिजे. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे इशारा, पुढे धोका आहे. निळा चौकोन म्हणजे माहिती, दवाखाना किंवा पेट्रोल पंप जवळ आहे. दोन चिन्हे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. अष्टकोनी लाल पाटी म्हणजे पूर्ण थांबा, आणि उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या.

शेजारी तसबीह घेऊन बसलेल्या सासूबाईंना ना उर्दू वाचता येते ना मराठी. त्यांना आम्ही भोंग्याची दोन चित्रे दाखवली. एकावर लाल रेघ मारलेली, दुसरे निळ्या गोलात. त्या लगेच म्हणाल्या, "हा दवाखान्याजवळचा, वाजवू नको म्हणतो. तो घाटातला, वाजव म्हणतो." अगदी बरोबर! निळ्या गोलातला भोंगा म्हणजे हॉर्न वाजवणे बंधनकारक. अक्षर न येणाऱ्यालाही वाचता यावी अशीच ही लिपी आहे.

आमची चूक झाली ती शाळेच्या फाटकासमोर रोज दिसणाऱ्या पाटीत. एक तिरकी रेघ असेल तर तिथे वाहन उभे करून जायचे नाही. फुलीसारख्या दोन रेघा असतील तर थांबायचेही नाही. इतकी वर्षे आम्ही दोन्हींचा अर्थ एकच समजत होतो.

पिवळा दिवा घाईचा नाही

सिग्नलबाबतही गैरसमज निघाले. पिवळा दिवा म्हणजे 'पटकन निघा' नव्हे. तो लागला की थांबरेषेच्या आधी थांबायचे. अगदी जवळ आल्यामुळे अचानक थांबणे धोक्याचे असेल, तरच पुढे जायचे. पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर वेग कमी करून, बघून जायचे. लाल दिवा उघडझाप करत असेल तर आधी पूर्ण थांबायचे, रस्ता मोकळा दिसला की मगच निघायचे. हिरवा लागला तरी झेब्रा क्रॉसिंगवर असलेल्या माणसाला आधी जाऊ द्यायचे.

कोकणात राहणाऱ्यांनी घाटाचा नियमही पाठ करावा. अरुंद चढावर समोरासमोर आल्यास उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही.

नापास कोण?

परीक्षेच्या दिवशी आमच्यापैकी दोघी पास झाल्या, एक नापास झाली. वर्गात नापासांची समजूत काढणाऱ्या बाई स्वतःच रडवेल्या झाल्या. मग पुन्हा शुल्क भरले, पुन्हा तक्ता काढला आणि त्या पास झाल्या.

पण त्याआधीच, नापास झाल्याच्या संध्याकाळी, त्यांनी नववीतल्या मुलाकडून स्कूटीची चावी परत घेतली होती. तो म्हणाला, "अम्मी, नापास तर तू झालीस!" त्या म्हणाल्या, "म्हणूनच मी गाडीला हात लावला नाही. तू तर अजून पेपरही दिलेला नाहीस."

कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या, विनागिअर दुचाकीचा, तोही पालकांच्या संमतीने. आपल्या घरांतल्या बहुतेक स्कूटी ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. त्यांना १८ वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. लाडापोटी दिलेली चावी लेकराला केवढ्याला पडते, पाहा.

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोपर्यंत गाडीच्या पुढे-मागे लाल 'एल' हवा आणि शेजारी परवानाधारक शिकवणारा हवा. अल्हम्दुलिल्लाह, आज आम्हा तिघींकडे पक्का परवाना आहे. मागच्या महिन्यात सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा कोणाची वाट पाहावी लागली नाही. वाटेत त्यांनीच बजावले, "भोंगा वाजवू नको, दवाखाना आला."

वाचक भगिनींनो, रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणे ही नेकी आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्यामुळे रस्त्यावर कोणाला इजा होऊ न देणे हीदेखील त्यातलीच नेकी. या सुट्टीत चिन्हांचा तक्ता घरी आणा. मुलांसोबत बसून शिका आणि चावी मात्र परवाना असेल त्याच्याच हातात द्या.