काडीतलं पेट्रोल

संध्याकाळचे साडेसहा, द्वारकेचा सिग्नल. मुंबई-आग्रा हायवे आणि पुणे रोड इथेच एकमेकांच्या अंगावर येतात. नाशिकरोडला घरी जाताना माझी बाइक रोज इथे उभ्या उभ्या पेट्रोल पिते. परवा तिथेच पिंपळगावहून मामांचा फोन. छाटणी झाली, बांधावर द्राक्षाच्या काड्यांचा ढीग पडलाय, उद्या पेटवणार.

"मामा, जाळताय कशाला? त्याचं इथेनॉल होतं!"

"होत असेल. न्यायला कोण येतंय?"

प्रश्न डोक्यातच राहिला. पंपावर आपण २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल भरतो, पण ते बहुतेक उसाचं नाहीतर मका-तांदळाचं. त्यातली साखर, स्टार्च पटकन हाती लागतं. काडीतही साखर आहे, पण सेल्युलोजच्या साखळ्यांत जखडलेली, वर लिग्निनचं चिलखत. आधी सौम्य अ‍ॅसिड आणि वाफेने ते ढिलं करा, मग एन्झाइमने साखळ्या तोडा, मग आंबवा. माल कचऱ्याच्या भावाचा. पैसा जातो तो कुलूप उघडण्यात!

मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीत प्रा. अरविंद लाली यांच्या टीमने या खर्चालाच हात घातला. महागडं एन्झाइम एकदा वापरून वाया का घालवायचं? वेगळं काढून पुन्हा वापरा. शिवाय जे काम इतरत्र तीन-चार दिवस चालतं, ते २४ तासांच्या आत उरका, म्हणजे टाक्याही लहान लागतात. २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला त्यांचा रोज १० टनांचा डेमो प्लँट सुरू झाला.

आपल्या पुण्याच्या प्राजचं तंत्र तर थेट पानिपतला पोचलं. इंडियन ऑइलच्या तिथल्या प्लँटचं उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झालं. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा, त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा. उभारणीचा खर्च मात्र ९०० कोटींच्या वर. त्यात पेंढा हलका, फुगीर. ट्रक भरतो पण वजन भरत नाही. हंगाम काही आठवड्यांचा, प्लँटला खाणं वर्षभर. म्हणजे गठ्ठे बांधा, गोदामं शोधा, आगीपासून सांभाळा.

रात्री मामांना हिशेब ऐकवला. पेंढ्याच्या एका टनाला साधारण दीडशे लिटर. द्राक्षाची काडी जास्त लाकडी, तिचं थोडं कमी धरू. तरी माझ्या बाइकच्या दहा-बारा टाक्या होतील की!

मामा म्हणाले, "ट्रॅक्टरचं डिझेल धरलंस का त्यात?"

नव्हतं धरलं.