आशियाई महामार्ग ४७, थांबा पाचवड फाटा

स्वारगेटला कोल्हापूरच्या एसटीत बसून ‘एक पाचवड द्या’ म्हटलं, तर कंडक्टर मशीनची बटणं दाबण्याआधी विचारतो, ‘वाईचं का कराडचं?’ एकाच रस्त्यावर, एकाच सातारा जिल्ह्यात दोन पाचवड आहेत. पहिलं भुईंजच्या पुढं. तिथून कुडाळ-मेढ्याकडं रस्ता फुटतो. दुसरं कराड सोडल्यावर, ओंड-उंडाळ्याकडं जाणाऱ्यांचं. दोन्हींच्या मध्ये चांगलं तासा-दीड तासाचं अंतर आहे. वाठारचंही तसंच: एक कराड तालुक्यात, दुसरं वारणा ओलांडल्यावर कोल्हापूर जिल्ह्यात. या रस्त्यावर फिरणाऱ्याला गावाचं नाव सांगून भागत नाही, कुठला फाटा तेही सांगावं लागतं.

या रस्त्याची स्वतःची नावंही अशीच एकाहून जास्त आहेत. सातारा-सांगलीकडच्या माणसाच्या तोंडी तो ‘बेंगलोर हायवे’ किंवा ‘एनएच फोर’. मुंबईपासून पुणे, बंगळूर करत चेन्नईपर्यंत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता. २०१० मध्ये देशभरच्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि तो ४८ झाला. हा ४८ आता दिल्लीहून निघतो आणि जयपूर, अहमदाबाद, मुंबई करत २,८०० किलोमीटर कापून चेन्नईला संपतो. एवढ्या वर्षांत पाट्या बदलल्या, तोंडातला चार मात्र गेला नाही.

याच डांबराला तिसरंही एक नाव आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. तो आशियाई महामार्ग ४७ आहे, इंग्रजी आद्याक्षरांत एएच ४७. संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगानं १९५९ मध्ये आशियातले देश रस्त्यानं जोडण्याची कल्पना मांडली. तिच्यावर सरकारांचा करार व्हायला २००३ साल उजाडलं आणि जुलै २००५ मध्ये तो अमलात आला. या जाळ्यात आज ३२ देश आहेत. ४० ते ५९ हे आकडे दक्षिण आशियाला दिले आहेत, त्यातला ४७ आपल्या वाट्याला आला. ग्वाल्हेरहून इंदूर, धुळे, नाशिक, ठाणे, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी आणि शेवटी बंगळूर, असा त्याचा मार्ग.

युरोपात अशा रस्त्यांना ‘ई’ लावून आकडे देतात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना सम, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना विषम. त्यातला ई ८० पोर्तुगालच्या लिस्बनहून निघतो आणि स्पेन, फ्रान्स, इटली, बल्गेरिया करत तुर्कस्तानात शिरून इराणच्या हद्दीला भिडतो. बल्गेरियाच्या सीमेवर त्याला टोकियोहून आलेला एएच १ मिळतो. हा एएच १ आपल्याकडं अटारीवरून दिल्ली, आग्रा, कोलकात्याकडं जातो. आग्र्याहून ग्वाल्हेर एएच ४३ वर, आणि ग्वाल्हेरहून आपला ४७. म्हणजे नकाशावर बोट न उचलता याच रस्त्यावरच्या, सांगली जिल्ह्यातल्या पेठ नाक्यावरून लिस्बनपर्यंत रेघ ओढता येते. सरहद्दींवरची फाटकं आणि त्यांचं राजकारण वेगळं. त्यामुळं पेठ नाक्यावरची गाडी काही त्या रेघेवरून लिस्बनला पोचत नाही. पण रेघ खरी आहे, आणि मला तिचं अप्रूप आहे.

अप्रूप असूनही सांगतो, या रस्त्याचा खरा जीव त्या लांबीत नाही. त्याला आडवं ओलांडणाऱ्या माणसांत आहे. नीरा ओलांडून शिरवळला तो सातारा जिल्ह्यात येतो आणि वारणा ओलांडून सांगली जिल्हा सोडतो. या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात त्याच्या कडेला इतकी गावं आहेत की दर पाच-सात मिनिटांनी एक फाटा लागतो. सुरूर, जोशी विहीर, भुईंज, पाचवड, आनेवाडी, लिंब, शेंद्रे, नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज, तासवडे, मलकापूर, कासेगाव, नेर्ले, पेठ, कामेरी. या भागात वाढलेल्या माणसाला ही नावं एका दमात म्हणता येतात.

सांगली जिल्ह्यात हा रस्ता जेमतेम तीसेक किलोमीटर आहे, तोही एकट्या वाळवा तालुक्यात. सांगली शहराला तो शिवतही नाही. पण आधी हे दोन जिल्हे वेगळे कुठं होते? १९४९ पर्यंत सातारा एकच होता. मग उत्तर आणि दक्षिण झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. नाना पाटलांच्या प्रतिसरकारची गावं या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहेत. कासेगावच्या अलीकडं जिल्ह्याची हद्द लागते, पण बोली बदलत नाही, पीक बदलत नाही आणि सोयरीकही बदलत नाही.

इथं रेल्वेची आठवण काढायला हवी. एकोणिसाव्या शतकात पुणे-मिरज लोहमार्ग टाकला गेला तो पूर्वेच्या अंगानं. सातारा शहर त्यानं टाळलं, कराडला वळसा घातला. त्यामुळं जुनी कारखानदारी रुळाच्या कडेला उभी राहिली: किर्लोस्करांची किर्लोस्करवाडी १९१० मध्ये, ओगल्यांच्या काचेची ओगलेवाडी, कूपरांचा सातारा रोड. पुढच्या पिढीची कारखानदारी मात्र रस्त्याच्या कडेला आली: शिरवळ, खंडाळा, तासवडे. रूळ आणि रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यातला माणूस कामाला पूर्वी पूर्वेला जायचा, आता पश्चिमेला जातो. या दोन जिल्ह्यांचा शंभर वर्षांचा आर्थिक इतिहास एवढ्या एका बदलात बराचसा सापडतो.

घाट म्हणाल तर एकच, खंबाटकी. पारगाव-खंडाळ्यापासून चढायचं आणि पलीकडं वेळ्यात उतरायचं. पूर्वी जाणारी-येणारी वाहनं याच घाटातून समोरासमोर यायची. बोगदा झाल्यावर पुण्याहून येणारा घाट चढतो आणि साताऱ्याहून जाणारा बोगद्यातून निघतो. भरलेला कंटेनर चढावर तापला, क्लच जळाला की मागं रांग लागते, आणि दिवाळीच्या सुट्टीत ती थेट खंडाळ्यात उतरते. जुने ट्रकचालक खामजाईच्या देवळापाशी थांबायचे. इंजिनला पाणी, अंगावर पाणी आणि देवीला नारळ, तिन्ही कामं एकदम व्हायची. आताच्या गाड्यांना ते पाणी लागत नाही, तरी हात जोडणारे अजून दिसतात.

बोगद्यातून सुटल्यावर पुण्याच्या दिशेला तीव्र उतार आणि त्याच उतारावर इंग्रजी एस अक्षरासारखं वळण. या वळणानं किती घरं बसवली ते खंडाळा परिसरातल्या लोकांना विचारावं. एप्रिल २०१८ मध्ये विजापूरकडच्या मजुरांना घेऊन निघालेला टेम्पो इथं उलटला आणि १८ जणांचा जीव गेला. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला निघालेली माणसं होती ती. हे वळण वगळून जावं म्हणून नवे जुळे बोगदे, एकेका बाजूला तीन पदर, असं काम पुढं हाती घेतलं गेलं. ते होणं किती गरजेचं होतं, हे त्या उतारावर एकदा ब्रेकवर पाय ठेवून उतरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

घाट उतरल्यावर कृष्णेचं खोरं सुरू होतं आणि रस्ता एकामागून एक पाणी ओलांडत जातो. भुईंजला कृष्णा, साताऱ्याजवळ वेण्णा, पुढं उरमोडी, उंब्रजला तारळी, कराडला कोयना. पाणी म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे कारखाना. भुईंजचा किसन वीर आणि शेंद्र्याचा अजिंक्यतारा हे दोन्ही कारखाने रस्त्याला लागूनच. वाठार फाट्यावरून रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याकडं जायचं, पेठ नाक्यावरून साखराळ्याच्या राजारामबापूकडं. नोव्हेंबर ते मार्च दिल्लीहून चेन्नईला निघालेला चौदा चाकी ट्रेलर आणि शिवारातून निघालेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर एकाच डांबरावर चालतात. एकाचा वेग ऐंशी, दुसऱ्याचा पंधरा.

गेल्या हंगामात उंब्रज आणि कराडच्या मधल्या एका फाट्यावर रात्री साडेनऊच्या सुमाराला मी चहाला थांबलो होतो. पश्चिमेच्या शिवारातून एक ट्रॅक्टर आला. दोन्ही ट्रॉल्यांत ऊस कठड्याच्या वर माणूसभर रचलेला, मोळ्यांची टोकं दोन्ही अंगांना बाहेर. त्याला रस्ता ओलांडून पलीकडच्या पदरावर जायचं होतं. ट्रॅक्टरवरचं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं खाली उतरलं, डोक्याचा पंचा सोडला आणि मोबाइलचा दिवा लावून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभं राहिलं. पंचा हलवत होतं. ड्रायव्हर पहिल्या गिअरवर इंजिन गुरगुरत ठेवून वाट बघत होता. तीन ट्रक, दोन बस, एक कार गेली. कुणी थांबलं नाही. मग एका टँकरवाल्यानं लांबूनच डिपर मारला, वेग कमी केला आणि आपली गाडी आडवी घालावी तशी तिरकी उभी केली. ट्रॅक्टर हलला. पुढची ट्रॉली दुभाजकाच्या फटीतून गेली, मागची मात्र अजून या बाजूलाच होती. संपूर्ण धूड पलीकडं जायला मिनिटभर लागलं असेल. मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर नव्हता, एक रिकामं खताचं पोतं बांधलेलं होतं. पोरगं पळत जाऊन पुढच्या मडगार्डवर बसलं आणि जाता जाता टँकरवाल्याला हात केला.

मोठ्या रस्त्यांच्या योजना लांबीच्या हिशेबानं होतात. ६ जानेवारी १९९९ रोजी वाजपेयींनी सुवर्ण चतुष्कोणाची पायाभरणी केली तेव्हा चार महानगरं जोडणारी ५,८४६ किलोमीटरची रेघ डोळ्यांपुढं होती. ती रेघ गरजेची होती, तिनं या भागाचं भलं केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साताऱ्याचा भाजीवाला आज रात्री माल भरून पहाटे वाशीच्या बाजारात उभा राहतो, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी वाई-सुरूर मार्गे संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत विकली जाते, दुधाचे टँकर वेळेत पोचतात. हे चौपदरी रस्त्याशिवाय झालं नसतं. पण त्या रेघेच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला शेत, शाळा, दवाखाना, डेअरी असलेल्या माणसाचा हिशेब नेहमी मागाहून होतो. आधी रस्ता होतो, मग माणसं मरतात, मग मोर्चा निघतो आणि त्यानंतर पुलाखालचा बोगदा मंजूर होतो. हा क्रम उलटा असायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

पेठ नाक्यावर हे सगळं एकत्र दिसतं. पूर्वेला इस्लामपूर, आष्टा, सांगली. पश्चिमेला शिराळा आणि त्यापुढं चांदोलीचं रान. सांगलीकडचा माणूस पुण्याहून येताना म्हणतो, ‘पेठ नाक्याला उतरतो, तिथनं बघतो.’ तिथनं बघायचं म्हणजे वडाप. भरली की सुटते ती जीप, ती वडाप. तिला वेळापत्रक नाही, तिकीट नाही, आणि रात्री अकरा वाजताही ‘शिराळा, शिराळा’ अशी हाक येते. पेठ ते सांगली हा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता खड्ड्यांमुळं बदनाम होता. मुंबईहून पेठपर्यंत झोपून आलेला माणूस पेठला जागा व्हायचा. काँक्रीटच्या चौपदरी कामामुळं ती तक्रार मागं पडते आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या रस्त्याचं मोल नव्यानं कळलं. कोल्हापूरच्या अलीकडं शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि जवळजवळ आठवडाभर वाहतूक बंद पडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. दक्षिणेकडं निघालेले ट्रक किणी, पेठ, कराडपर्यंत कडेला उभे राहिले. कोल्हापुरात पेट्रोल आणि दूध मोजून द्यायची वेळ आली. अडकलेल्या परप्रांतीय चालकांना कडेच्या गावांनी जेवू घातलं. तमिळ बोलणाऱ्या चालकाला आणि वाळव्याच्या माणसाला एकमेकांचं एक अक्षर कळत नसेल, पण भात वाढायला भाषा लागली नाही. आशियाई महामार्गाच्या कराराची कलमं मी वाचली आहेत. त्यात रस्त्याची रुंदी आहे, वळणाची त्रिज्या आहे, चढाची मर्यादा आहे. कडेच्या गावानं काय करायचं, ते गावाचं गावानंच ठरवलेलं असतं.

आता शेंद्रे ते कागल हा टप्पा सहापदरी होतो आहे. कराडच्या कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडला आणि मलकापूरसह सगळी गर्दी खाली ठेवून वरून जाणारा तीन किलोमीटरहून लांब नवा पूल उभा राहतो आहे. कामाच्या काळात कराडकरांनी धूळ खाल्ली, कोंडी सोसली. कराडलाच गुहागर-विजापूर महामार्ग याला छेदतो. कोकणातून चिपळूण, पाटण करून आलेली वाहनं विटा-जतकडं जाताना इथं आडवी येतात. दोन महामार्गांचा छेद आणि एका शहराचा बाजार, दोन्ही एका चौकात इतकी वर्षं कसे मावले, हेच नवल. जिथं पूल झाले तिथं सर्व्हिस रोड मोकळे ठेवले, पुलाखालचे बोगदे पावसात तुंबू दिले नाहीत, फाट्यावर दिवे लावले, तर या सहा पदरांचं मी मनापासून स्वागत करीन. ही तिन्ही कामं रस्त्याच्या एकूण खर्चात किरकोळ आहेत.

तोवर हंगाम सुरू झाला की रात्री या रस्त्यानं जाणाऱ्यांना एक विनंती. नीरेपासून वारणेपर्यंत कुठल्याही फाट्यावर अंधारात मोबाइलचा दिवा हलताना दिसला, तर हॉर्न वाजवू नका, वेग कमी करा आणि ट्रॅक्टर पलीकडं जाऊ द्या. आणि ट्रॉलीवाल्या बंधूंनो, खताचं पोतं सोडा. लाल रिफ्लेक्टरची पट्टी विकत आणा आणि आजच लावा.