जुन्या मोटारसायकलचा मंद दिवा

म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यात १९६१ साली मोटारसायकलींचे उत्पादन सुरू झाले व १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तेथील जुन्या जावा गाड्या हौशी मालकांनी आजही जपल्या आहेत. त्यांची विद्युत्‌योजना सहा व्होल्टची. अशा गाडीचा पुढचा दिवा मंदावला की मालक प्रथम बॅटरी बदलतो, मग दिवा बदलतो आणि अखेरीस डायनामोला दोष देतो. पुष्कळदा दोष यांपैकी कशातच नसतो. तो असतो तारांच्या जोडांवर चढलेल्या मळात.

इतका क्षुल्लक मळ प्रकाशाला कसा ग्रासतो, हे थोड्या गणिताने पाहू. सहा व्होल्टवर चालणारा २४ वॅटचा दिवा ४ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याच्या तप्त तंतूचा रोध दीड ओहम झाला. वाटेतील साऱ्या जोडांचा मिळून केवळ पाव ओहम रोध वाढला, तरी दिव्यापर्यंत जेमतेम ५.१ व्होल्ट पोहोचतात. तंतूचे तापमान उतरले की प्रकाश त्याहून कितीतरी वेगाने घटतो. सुमारे दोन-पंचमांश प्रकाश नाहीसा होतो. अंधाऱ्या रस्त्यावरील खड्डा दिसायचा तेव्हा दिसत नाही, तो यामुळे. शिवाय जवळजवळ तीन वॅट उष्णता त्या जोडांतच निर्माण होते व तारेवरील वेष्टण हळूहळू करपते. बारा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटच्या दिव्याला निम्मा प्रवाह पुरतो. म्हणून तोच पाव ओहम तेथे फारसा जाणवत नाही.

दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले, तरी ते एकमेकांना मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. सारा प्रवाह त्या सूक्ष्म बिंदूंतून जातो. इंजिनाच्या कंपनाने हे बिंदू सतत घासतात, उघडा पडलेला धातू हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि ऑक्साइडचा दुर्वाहक थर साचतो. दमट हवेत तांब्या-पितळेवर हिरवे जंगाल चढते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक का कळकते, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला तांब्याच्या तारांनाही कथिलाचा मुलामा का देतात, हे वेगळे सांगावयास नको.

सफाईपूर्वी बॅटरी सोडवावी; त्यातही गाडीच्या सांगाड्याला जोडलेले टोक आधी. (जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकींत हे टोक धन असते, ऋण नव्हे, तेव्हा केवळ रंगावर विसंबू नये.) बॅटरीच्या टोकांवरील पांढरा-निळसर क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. तारांचे जोड एकेक सोडवून बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावेत व भुकटी पुसून काढावी. लोखंडी तंतूंचा घासणा येथे नको. त्याचे तुटलेले तुकडे नको तेथे प्रवाहाला वाट करून देतात. पितळ लखलखीत होते म्हणून चिंच वापरण्याचा मोह होईल, पण फटीत राहिलेले आम्ल पुढे धातूच खाते. जोड घट्ट बसवल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा, म्हणजे ओलाव्याला मज्जाव होतो.

सांगाड्याकडचा जोड मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दिव्यातून गेलेला प्रवाह बॅटरीकडे परततो तो याच लोखंडी सांगाड्यातून. गाडीला हौसेने नवा रंग दिला आणि तो स्क्रूखालीही लागला, तर परतीची वाट अडते. तेथील रंग खरवडून धातू उघडा करणे भाग आहे.

काम साधले की नाही, हे व्होल्टमीटर सांगतो. दिवा लावून यंत्राची दोन टोके एकाच जोडाच्या दोन बाजूंना टेकवावीत. चांगल्या जोडावर एक-दशांश व्होल्टही दिसत नाही. सारे जोड असे निर्दोष ठरूनही दिवा मंदच राहिला, तर तारेच्या टोकाचे वेष्टण थोडे सोलून पाहावे. आतील तांबे काळे पडले असेल, तर ओलावा तारेच्या पोटात शिरलेला आहे. असे तांबे घासून उजळत नाही; लालसर, स्वच्छ धातू लागेपर्यंत तार मागे कापावी लागते, आणि ती अपुरी पडली तर नवी घालावी लागते.