मुरबाड-शहापूर : घरचा कर्ता गेल्यावर कोणता आधार?

दरमहा : संजय गांधी निराधार अनुदान योजना (१९८०). १८ ते ६५ वयाच्या निराधार विधवेला १,५०० रुपये; कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये. चाळिशीपुढच्या दारिद्र्यरेषेखालील विधवेला रक्कम तेवढीच, पण त्यातले ३०० रुपये केंद्राचे. अर्ज आपापल्या तहसील कार्यालयात.

एकदाच : राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस दगावल्यास २०,००० रुपये. हे निवृत्तिवेतन नव्हे. दोन्हींचे अर्ज वेगळे.

मुलांसाठी : बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेले मूलही पात्र ठरू शकते. दरमहा २,२५० रुपये, महिला व बालविकास विभागाकडून.

धान्य : अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो, जानेवारी २०२३पासून मोफत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांसाठी महत्त्वाचे : शिधा दुसऱ्या गावच्या रेशन दुकानातही उचलता येतो.

आधी मृत्यूचा दाखला. बहुतेक अर्ज इथेच अडतात. गावात मृत्यू झाल्यास नोंद ग्रामपंचायतीत, २१ दिवसांत. वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पाड्यावरच्या एकट्या बाईला तो मिळवणे फार जड जाते.

संस्थांची मदत : किराणा, वह्या-पुस्तके, शिलाई यंत्र. ही मदत ऐच्छिक असते. तिच्यावर हक्क सांगता येत नाही. सार्वजनिक न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे (१९५०चा कायदा). मदत देताना संस्थेचा नोंदणी क्रमांक पाहावा.