हजेरी यंत्राची, हिशेब आपला

सकाळी नेऱ्याहून मारुंजी-हिंजवडीच्या रस्त्याला लागा. संगणकावर काम करणारे निघालेले असतात, तसेच जेवणाचा डबा घेतलेले आपले गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारीही. पूर्वी या दोघांचा संबंध येत नसे. आता संगणकवाल्याची ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ बिगाऱ्याच्या साइटवर येऊन पोहोचली आहे.

म्हणजे काय आले? चेहरा ओळखून हजेरी घेणारे यंत्र आले. डोक्यावर हेल्मेट नसेल तर कळवणारा कॅमेरा आला. ड्रोनच्या फोटोंवरून काम कुठवर झाले हे सांगणारा संगणक आला. हेल्मेटवर लक्ष ठेवले जाते हे चांगलेच. कमावता माणूस उंचीवरून पडला की अख्खे घर उघड्यावर येते.

पण हजेरीचे काय? ओळखीच्या एका ताईंची गोष्ट सांगतो. विटा-सिमेंट हाताळून बोटांचे ठसे झिजले, म्हणून अंगठ्याचे यंत्र त्यांना ओळखेना. मग चेहऱ्याचे यंत्र आले. एके दिवशी धुळीने माखलेला चेहरा त्यानेही नाकारला. ताईंनी दिवसभर घमेली वाहिली, पण आठवड्याच्या पगारात तो दिवस नाहीच! मुकादम म्हणाला, “मशीनमध्ये नाही.” मी कारकून माणूस. विचारले, “ताई, तुमच्या वहीत आहे का?” वहीच नव्हती. तो दिवस बुडाला.

बंधू-भगिनींनो, हजेरी म्हणजे नुसता पगार नव्हे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वय १८ ते ६० असावे लागते आणि मागील वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी असेल तर मुलांना शिष्यवृत्ती आणि अपघातात घरच्यांना मदत मिळू शकते. हा पैसा बांधकाम खर्चावरील उपकरातून येतो, म्हणजे तो कुणाची मेहेरबानी नाही. जे यंत्र एक दिवस कापते, तेच ९० दिवस सिद्धही करू शकते. म्हणून दर महिन्याला ठेकेदाराकडे हजेरीची छापील प्रत मागा. एकट्याने मागू नका, दहाजण मिळून मागा.

आपल्यापैकी कुणी घर घेणार असेल, तर हीच बुद्धिमत्ता जाहिरातीतही आहे. उजाड माळावर बाग आणि तलाव दाखवणारे चित्र ती क्षणात काढते. चित्रावर भुलू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. मोबाइलने तो वाचला की प्रकल्पाची नोंद समोर येते. गंमत पाहा, ज्या जाहिरातींत हे नसते त्या शोधायलाही कृत्रिम बुद्धिमत्ताच वापरली गेली. २०२४ अखेरपर्यंत राज्यातील ६२८ प्रकल्पांवर कारवाई झाली, त्यांपैकी २५० पुणे विभागातले होते.

यंत्र कुणाचे वैरी नाही आणि सोयरेही नाही. ते ज्याच्या हाती, त्याचे काम करते. आपल्या हाती निदान वही असावी. ताईंची सातवीतली मुलगी आता रोज रात्री त्यांना विचारते आणि तारीख, साइट, काम असे लिहून ठेवते. परवा ताईंनी ती वही मला दाखवली. एकसष्ट दिवस भरले आहेत.