पाच बिंदूंची ढाल

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. अशा वाढत्या शहरात शाळा, गृहनिर्माण संस्था, क्रिकेट संघ, गणेश मंडळे, सगळ्यांनाच आपले बोधचिन्ह हवे असते, आणि त्यासाठी ढालीचा आकार हमखास सुचतो. तेच चिन्ह रबरी शिक्क्यावर, जर्सीवर, व्हॉट्सॲपच्या गोलात आणि दहा फुटी फ्लेक्सवरही बसावे लागते. संस्थेकडे मात्र बहुधा एक जेपीजी चित्र तेवढे असते. पाचशे पिक्सेल रुंदीचे ते चित्र दहा फूट ताणले, की एकेक पिक्सेल सहा मिलिमीटरचा चौकोन होतो आणि ढालीची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागते. म्हणून बोधचिन्ह व्हेक्टरमध्ये, म्हणजे रेषांच्या गणिताने काढले पाहिजे. आणि ते जितक्या कमी बिंदूंत बसेल तितके चांगले.

ढालीवरून हे पडताळता येते. वरची आडवी रेघ ९० मिलिमीटरची घ्या आणि तिच्या दोन्ही टोकांपासून ३० मिलिमीटर सरळ खाली या. तिथून, समोरच्या बाजूचा बिंदू केंद्र धरून, ९० मिलिमीटर त्रिज्येचे दोन चाप काढले की ते बरोबर मध्यावर, आणखी सुमारे ७८ मिलिमीटर खाली मिळतात. पाच बिंदूंत ढाल पूर्ण. सॉफ्टवेअर हे बिंदू आणि त्यांच्यामधल्या वक्ररेषेचे सूत्र साठवते. ते सूत्र १९६०च्या आसपास फ्रान्समध्ये मोटारींची वळणे आखण्यासाठी रेनोचे पिएर बेझिए आणि सित्रोएनचे पॉल द कास्तेलजो यांनी वापरात आणले. सूत्राला लहानमोठेपणा नसतो. छापताना हव्या त्या मापात रेघ नव्याने आखली जाते. आतली किनार काढताना मात्र ढालीची प्रत नुसती लहान करू नये; टोकाशी आणि बाजूंना तिची जाडी वेगवेगळी होते. ऑफसेट दिला, म्हणजे कडेपासून सारख्या अंतरावर रेघ काढली, तर ती सगळीकडे सारखी राहते. आत पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याचा सुळका घालायचा असेल, तर त्याची बाह्यरेषाही मोजक्याच बिंदूंत ओळखू येते.

यावर कुणी म्हणेल, जेपीजीवरून ट्रेस करणारी सोय आहेच की. आहे, पण चित्र अस्पष्ट असेल तर ती प्रत्येक डागाला बिंदू देते. मग सरळ रेघ शेकडो बिंदूंची होते आणि एक बाजू दुरुस्त करावी तर दुसरी बिघडते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खाली टोक असलेली ढाल युरोपातली, मराठ्यांची ढाल गोल. हे खरेच आहे. पण कमी बिंदूंचा नियम कोणत्याही एका आकाराला बांधलेला नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत अनावरण झालेल्या नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. अष्टकोनाला आठ बिंदू लागतात, वर्तुळाला सहसा चार. आपला आकार निवडल्याने काम अवघड होत नाही. राहिला खर्च. कोरलड्रॉ हे व्हेक्टर सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते, पण त्याच कामाचे इंकस्केप २००३पासून मोफत आहे आणि त्याची एसव्हीजी फाइल कोरलमध्येही आणता येते.

मराठी संस्थांना एक काळजी जास्त घ्यावी लागते. चिन्हातले नाव ज्या फॉन्टमध्ये आहे तो छापखान्यातल्या संगणकावर नसला, तर जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या सरकतात. म्हणून छापखानेवाले ‘कर्व्ह करून द्या’ असे सांगतात: अक्षरांचे रेषांत रूपांतर केले की फॉन्टची गरज उरत नाही. त्याआधीची, मजकूर बदलता येईल अशी एक प्रत वेगळी ठेवावी. काम संपल्यावर चिन्ह एकाच रंगात, शिक्क्याएवढे छापून पाहा. तिथे ओळखू आले नाही, तर रंग वाढवू नका, रेषा कमी करा. आणि ज्याच्याकडून बोधचिन्ह करून घ्याल, त्याच्याकडून चित्राबरोबर मूळ व्हेक्टर फाइलही मागून घ्या. ती संस्थेच्या दप्तरातच असायला हवी.