काचेचं दळण

“पन्नाशीत हे काय नवीन खूळ?” सासूबाईंनी विचारलं. ओट्याशेजारी स्टुलावर मी ६ इंची काच दुसऱ्या काचेवर कार्बोरंडम पावडर आणि पाणी घालून घासत होते. घासता घासता वरची काच खोलगट होते. तोच दुर्बिणीचा आरसा! पॉलिश करताना जाड कण शिरला, की ओरखडा. पुन्हा मागे जायचं. दोन महिने रोज एक तास, फक्त माझा. मग आरशाला अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा करून आणला.

अमावास्येला वांगणीला दुर्बिणीला कॅमेरा, ताऱ्यांमागे फिरणारी मोटार जोडली. ३० सेकंदांचे शंभर फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचले आणि मृगातला तेजोमेघ गुलाबी उमलला. सुमारे १,३०० वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश!

सासूबाई बघतच राहिल्या. “फोटो नको गं, खरा दाखव.”

आज गच्चीवर खुर्ची नेलीय.